सार्वजनिक कार्याचा ताळेबंद

व्यापाऱ्याच्या पेढीवर वर्ष एकदाच संपत नाही. दिवाळीस वहीपूजन होते, जुनी कीर्द मिटते आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाते. सरकारी हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि त्या दिवसांत दिवाणजींच्या मेजावरचा दिवा रात्री उशिरापर्यंत मालवत नाही. याखेरीज जैन कुटुंबात तिसरी एक वर्षअखेर असते. पर्युषण पर्व उलगडल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मनुष्य आपल्या वर्षभराच्या वागणुकीचा हिशेब मनाशी मांडतो आणि ज्यांचे आपण काही देणे लागतो, त्यांच्यापुढे हात जोडतो. पहिल्या दोन हिशेबांत रुपये-पैसे असतात. तिसऱ्यात माणसे असतात.

नफा हा ज्यांचा हेतू नाही अशा संस्थांच्या वर्षअखेरीस हे तिन्ही हिशेब एकत्र यावयास हवेत. प्रत्यक्षात काय होते? सर्वसाधारण सभेत चिटणीस अहवाल वाचतात, खजिनदार जमाखर्चाचे आकडे सांगतात, 'मंजूर, मंजूर' असा पुकारा होतो आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. स्मरणिकेतही छायाचित्रांची व शुभेच्छांची पाने लोक निरखून पाहतात आणि अहवालाची पाने तशीच उलटतात. पेढीवर एका आण्याचा मेळ बसला नाही तर आमच्या वाडवडिलांना झोप येत नसे. मग चार माणसांनी मिळून, चार माणसांच्या पैशाने केलेल्या वर्षभराच्या कामाकडे आपण इतक्या सैल नजरेने का पाहावे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि तो हवेत न करता आपल्याच भागात घडलेल्या गोष्टींच्या आधारे करावयाचा आहे.

आम्ही आरंभ गुंजीपासून करतो. खानापूर तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या पायरीवर, रानाच्या कडेला वसलेले आहे. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो, खाचरांतून भात उभे राहते आणि गावच्या माउलीवर पंचक्रोशीची श्रद्धा आहे. बाहेरच्या जगास गुंजी ठाऊक आहे ती मुख्यतः रेल्वेमुळे. लोंढ्याहून खानापूरमार्गे बेळगावास जाणारी प्रत्येक गाडी गुंजीवरून जाते. हुबळी-धारवाडचा कापूस, गोव्याकडचा माल आणि रानातले लाकूड यांच्याबरोबर माणसेही याच वाटेने बेळगावास पोचली. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे या नावाने हा मार्ग ओळखला जात होता, तेव्हा, म्हणजे १९२४ च्या डिसेंबरात, या वाटेने फार मोठी माणसांची रीघ गेली. धारवाड, हुबळी, बल्लारी आणि दक्षिणेकडील इतर गावांचे प्रतिनिधी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनास निघाले होते. २६ व २७ डिसेंबर १९२४ या दिवशी भरलेले हे एकोणचाळिसावे अधिवेशन. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन होय. त्याची शताब्दी २०२४ साली बेळगावात साजरी झाली आणि त्या निमित्ताने अध्यक्ष, ठराव व भाषणे यांची आठवण पुष्कळांनी जागवली. आम्हांस येथे आठवण करून द्यावयाची आहे ती स्वागत समितीच्या वर्षाची.

१९२३ च्या डिसेंबरात काँग्रेस काकिनाड्यास भरली होती. पुढील अधिवेशन कर्नाटक प्रांतात भरवावयाचे ठरले आणि बेळगावाची निवड झाली. स्वागताध्यक्ष होते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. ते लोकमान्यांच्या तालमीत वाढलेले. लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिलात आपल्या होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावातच. लोक गंगाधररावांना 'कर्नाटकसिंह' म्हणत, आणि आपली जीवनकथा मात्र त्यांनी मराठीत लिहिली. कन्नड आणि मराठी या दोन भाषा त्या स्वागत समितीत एकाच सतरंजीवर बसत होत्या. पुढे १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि या भागात भाषेचा प्रश्न किती तीव्र झाला, हे वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच त्या वर्षाच्या सामायिक कामाचे मोल आज अधिक वाटते.

काम केवढे होते? हजारो पाहुण्यांचे राहणे, जेवण, पाणी, दिवे, सफाई आणि येणे-जाणे. तिळकवाडी भागात मोकळ्या जागेवर एक तात्पुरते नगरच उभारावे लागले. त्यास 'विजयनगर' हे नाव दिले. प्रवेशद्वारी हंपीच्या विरूपाक्ष मंदिराची आठवण करून देणारे उंच गोपुर उभे राहिले. पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून जागेजवळच तात्पुरते रेल्वे स्थानक करण्यात आले. पाण्यासाठी नवी विहीर खणली आणि तिला 'पंपा सरोवर' असे नाव दिले. तिच्यावर ४,३७० रुपये खर्च झाल्याचे नमूद केले जाते. स्वयंसेवकांची शिस्त डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांच्या सेवादलाने सांभाळली. सफाईची व्यवस्था बेळगुंदीच्या घराण्यातील काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती आणि संडास व गटारे साफ करणाऱ्या त्या पथकात ब्राह्मण तरुणही होते. त्या काळाची समाजस्थिती ज्यांस माहीत आहे, त्यांस या एका वाक्याचे वजन कळेल.

अधिवेशन संपले. मांडव उतरले, बांबू उतरले, गोपुर उतरले. तात्पुरत्या स्थानकावरून शेवटची गाडी गेली. आता वर्षाकडे वळून पाहावयाचे होते, आणि येथेच आमच्या विषयाचा गाभा आहे.

पहिले सिंहावलोकन खुद्द अध्यक्षांनी केले. अधिवेशनानंतर लगेच गांधीजींनी 'यंग इंडिया'त बेळगावविषयी लिहिले. गंगाधररावांच्या योजकतेची, हर्डीकरांच्या स्वयंसेवकांची आणि सफाई पथकाची त्यांनी मनापासून वाखाणणी केली. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्यासाठी साधी झोपडी उभारावी अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उभारला गेला तो खादीचा प्रासादच, अशी त्यांची तक्रार होती. त्या निवासास ३५० रुपये लागले असे सांगतात. सजावट व थाटमाट कमी करता येईल, प्रतिनिधींचे शुल्क १० रुपयांवरून १ रुपयावर आणावे म्हणजे गरिबालाही येता येईल, अशा सूचना त्यांनी केल्या. ज्यांनी वर्षभर राबून आपले स्वागत केले, त्यांच्याविषयी लिहिताना स्तुती आणि उणिवा एकाच लेखात ठेवण्याचे धैर्य किती अध्यक्षांना असते? आणि ते वाचून मन खट्टू न होऊ देण्याचे औदार्य किती स्वागताध्यक्षांना असते? गंगाधररावांपाशी ते होते. त्यानंतरही गांधीजींचा व त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला आणि 'कर्नाटकातील खादीचे भगीरथ' हे त्यांचे नाव झाले.

दुसरे सिंहावलोकन पैशाचे. सारा खर्च भागून स्वागत समितीच्या हाती ७७३ रुपयांची शिल्लक उरली, असे बेळगावात आजही सांगितले जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीस हा आकडा क्षुल्लक वाटेल. एवढ्या उलाढालीत ७७३ रुपये म्हणजे दोन-चार गाड्या मालावरची अडत! परंतु नफ्यासाठी नसलेल्या कामात शिल्लक मोठी असणे हे भूषण नव्हे. पैसा ज्यासाठी दिला त्यासाठी तो खर्च झाला आणि तरीही कोणाचे देणे राहिले नाही, हे भूषण होय. आणि शंभर वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी तो आकडा रुपयापर्यंत राहावा, यातच त्या हिशेबाची किंमत आहे. ज्या संस्थेची शिल्लक चिटणिसाखेरीज कोणासच सांगता येत नाही, तिच्यापाशी लाख रुपये असले तरी ती दरिद्री समजावी.

तिसरा हिशेब माणसांचा. आणि तो कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही. त्या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत धारवाडकडची अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे जिच्या स्वरांनी सारा देश भारून गेला, त्या गंगूबाई हनगल याच. त्या दिवसाची आठवण सांगताना त्यांनी म्हटले आहे, की गाण्याची भीती त्यांना वाटत नव्हती. आपण खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या, तेव्हा जेवणे झाल्यावर जागा साफ करावयास आपल्यालाच लावतील की काय, हीच एक धास्ती मनात होती. एकीकडे ब्राह्मण तरुण हाती झाडू घेऊन उभे होते आणि दुसरीकडे गावयास बोलावलेल्या बालिकेच्या मनात ही धास्ती होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संस्थेचा अहवाल पहिली गोष्ट अभिमानाने लिहितो. दुसरी त्यात येत नाही, कारण तिला कोणी विचारलेच नाही. सामायिक काम खरोखर किती सामायिक झाले, हे जाणून घ्यावयाचे असेल तर व्यासपीठावरील मंडळींच्या आधी अशा माणसास विचारले पाहिजे.

आणि वर्षाच्या कामातून शेवटी उरले काय? विजयनगर दोन दिवस गजबजले आणि नाहीसे झाले. विहीर मात्र राहिली. तिळकवाडीतील ती 'काँग्रेस विहीर' आजही बेळगावकरांस ठाऊक आहे, आणि तिच्याजवळच वीरसौध हे स्मारक उभे आहे. उत्सवासाठी केलेल्या शंभर खर्चांपैकी एक खर्च असा निघाला, की जो उत्सवानंतरही लोकांच्या उपयोगी पडला. आमच्या मंडळांनी वर्षाच्या शेवटी स्वतःस हा प्रश्न अवश्य विचारावा: आमच्या खर्चात मांडव किती आणि विहीर किती? मांडव वाईट असतो असे नव्हे. माणसे जमावयास मांडव लागतोच. पण ज्या वर्षात सारा खर्च मांडवाचाच आहे, त्या वर्षी शिल्लक असूनही तोटा झाला आहे असे समजावे.

सिंहावलोकनाचा आणखी एक उपयोग असतो. नियम चुकीचा ठरला, तर तो बदलण्याची संधी त्यातून मिळते. बेळगावात काँग्रेसने एक कठीण नियम स्वीकारला होता. सभासदत्वासाठी चार आण्यांच्या वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यावे. स्वतः कातणे न जमल्यास दुसऱ्याकडून कातवून द्यावे. हेतू उदात्त होता: सभासद म्हणजे केवळ पावती फाडणारा नव्हे, तर हाताने काही करणारा असावा. पण वर्ष सरण्याआधीच अनुभव आला, की एवढे सूत नियमाने देणारे फार थोडे आहेत. तेव्हा १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास अखिल भारतीय काँग्रेस समितीने नियम बदलला. सूत अथवा चार आणे, यांपैकी काहीही चालेल असे ठरले. आणि कातणाऱ्यांसाठी अखिल भारतीय चरखा संघ ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. नियम पाळला जात नाही हे उघडपणे मान्य केले गेले. कागदावर सभासदांची खोटी संख्या दाखविली गेली नाही. आणि ज्यांची त्या कामावर खरी निष्ठा होती, त्यांना वेगळे घर करून देण्यात आले. आमच्या कित्येक संघांच्या घटनेत असे नियम असतात, की जे कोणी पाळत नाही आणि जे कोणी बदलतही नाही. असा नियम म्हणजे खतावणीतील बुडीत येणे. ते दरसाल पुढे ओढीत नेल्याने वसूल होत नाही.

बेळगावच्या त्या वर्षानंतर बारा वर्षांनी वर्षाकडे वळून पाहण्याचा आणखी एक प्रसंग याच जिल्ह्यात घडला, आणि तो तर आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. १९२३ साली गांधीजी तुरुंगात असताना वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांनी पुढाकार घेऊन 'गांधी सेवा संघ' स्थापन केला. विधायक कामास वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांना आधार देणे हा त्याचा उद्देश. पैसा उभा करणारा व्यापारी, राबणारे कार्यकर्ते आणि दोघांमध्ये विश्वासाचे नाते: अशी ही संस्था होती. तिचे वार्षिक संमेलन दरसाल वेगळ्या ठिकाणी, बहुधा खेड्यात, भरे. १९३६ साली ते चांदा जिल्ह्यातील सावलीस झाले आणि १९३७ च्या एप्रिलात गंगाधररावांच्या हुदलीस. किशोरलाल मश्रूवाला अध्यक्ष होते आणि गांधीजी स्वतः उपस्थित होते.

या संमेलनांची रीत पाहण्यासारखी आहे. सभासद खेड्यात राहत, सामुदायिक सूतकताई करीत आणि मग बसून आपल्या वर्षाची छाननी करीत. अडचणीचे प्रश्न टाळले जात नसत. हुदलीच्या वेळी नुकत्याच प्रांतिक निवडणुका झाल्या होत्या. तेव्हा विधायक कार्यकर्त्याने कायदेमंडळात जावे की नाही, हा प्रश्न चर्चेस आला. मते भिन्न होती आणि ती मोकळेपणाने मांडली गेली. संस्थेच्या सभेत मतभेद दिसला की आम्हांस घरात भांडण लागल्यासारखे वाटते. वस्तुतः वर्षातून एकदा, सर्वांसमक्ष, समंजसपणे व्यक्त झालेला मतभेद हा संस्थेच्या प्रकृतीचा उत्तम पुरावा होय. जो मतभेद सभेत बोलला जात नाही, तो बाजारात बोलला जातो.

या संघाच्या कथेचा शेवट तर विशेष मननीय आहे. १९४० च्या फेब्रुवारीत पूर्व बंगालमधील मलिकंदा येथे संघाचे संमेलन भरले. संघाविषयी बाहेर गैरसमज वाढत होते. तो राजकारणातील एक गट आहे असे लोक म्हणू लागले होते. गांधीजींनी सल्ला दिला, की संघाने आपला पसारा आवरावा. राजकारणात असलेल्यांनी बाहेर पडावे. आणि थोड्या माणसांनी अभ्यास व संशोधनापुरते काम ठेवावे. सभासदांनी तो सल्ला मानला. प्रतिष्ठा, नाव, देशभर पसरलेले सभासद, सारे असताना एका संस्थेने वर्षाकडे वळून पाहिले आणि स्वतःस लहान करून घेतले. दरसाल सभासद वाढले, निधी वाढला, इमारतीचा मजला वाढला, एवढीच प्रगतीची खूण आपण मानतो. पण पेढी चालविणारा कोणताही अनुभवी मनुष्य सांगेल, की एखादी शाखा वेळीच बंद करणे हेही शहाणपणाच्या व्यवहारात मोडते. ज्या हेतूसाठी काम आरंभिले तो हेतू सरला किंवा बदलला, तर संस्थेचे नाव टिकविण्यासाठी काम शोधीत बसू नये.

मग टिकावयाचे ते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुन्हा खानापूर तालुक्यात येतो. गुंजीप्रमाणेच याच तालुक्यात हलशी आहे. कदंब राजांच्या काळी हिचे नाव पलाशिका होते. या गावी सापडलेले कदंबांचे ताम्रपट एकोणिसाव्या शतकात फ्लीट यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यांपैकी राजा रविवर्मा याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकाळातला, एक ताम्रपट आमच्या वाचकांस विशेष आपुलकीचा वाटेल. पुरुखेटक नावाच्या गावाच्या उत्पन्नातून दरसाल कार्तिकी पौर्णिमेस जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींचा निर्वाह चालावा, अशी व्यवस्था त्यात नमूद आहे. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते एका बारकाव्याकडे. ही पूजा नित्य चालू ठेवावी असे ज्यांस सांगितले आहे, त्यांत जानपद व नागरिक, म्हणजे खेड्यातील आणि नगरातील सामान्य लोक आहेत. राजाने गाव दिले. पण काम पुढे चालविण्याची जबाबदारी लोकांवर ठेवली, आणि पैसा कोठून यावयाचा, कशावर खर्चावयाचा, कोणत्या तिथीस खर्चावयाचा, हे तांब्यावर कोरून ठेवले. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा संस्थेचा कागद आहे. राज्य गेले, पलाशिका गेली; पण काय करावयाचे होते हे आजही वाचता येते, कारण ते स्पष्ट लिहिले होते. टिकते ते असे लिहिलेले वचन, आणि ते पाळणारी माणसे.

हीच परंपरा निपाणीच्या परिसरात अर्वाचीन रूपाने आली. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे शिकलेले तरुण, शेतकरी आणि व्यापारी एकत्र आले. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे, स्त्रीशिक्षण, समाजसुधारणा ही कामे तिने हाती घेतली आणि आपले मुखपत्र चालविले, जे 'प्रगति आणि जिनविजय' या नावाने ओळखले जाते. सभेची अधिवेशने हे तिचे जाहीर सिंहावलोकन असे: कामाचा आढावा, ठराव, आणि त्यावर चर्चा. व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून कोणता मुलगा शिकला, हे त्याला त्या अधिवेशनात दिसत असे. याच सभेच्या वसतिगृहाशी ज्यांचा तरुणपणी संबंध आला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे. एका संस्थेच्या कामाची खरी शिल्लक कधी कधी दुसऱ्याच संस्थेच्या खात्यात जमा होते, आणि त्यात पहिलीस उणेपणा नसतो.

आता आजचा विचार. निपाणी, बेळगाव, खानापूर येथील संस्था कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली येतात. अवघ्या काही मैलांवर, कागल-कोल्हापुरात, महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो. आमच्या अनेक व्यापारी बंधूंची पेढी एका राज्यात, घर दुसऱ्यात आणि देणगी दोन्हीकडे, अशी स्थिती आहे. दोन्हीकडील कायदे वार्षिक हिशेब मागतात आणि तो दिलाच पाहिजे. परंतु कायदा मागतो तेवढाच हिशेब पुरेसा नाही. निबंधकाच्या कचेरीस माहिती हवी असते ती रुपयांची. देणगीदारास, कार्यकर्त्यास आणि ज्याच्यासाठी काम केले त्यास याहून अधिक हवे असते.

तेव्हा आमची नम्र सूचना अशी, की प्रत्येक मंडळाने वर्षअखेरीच्या अहवालास रुपयांच्या जमाखर्चाबरोबर आणखी काही पाने जोडावीत. एक पान श्रमाचे असावे: कोणी किती दिवस दिले, कोणी सतरंज्या घातल्या, कोणी भांडी मोजली, कोणी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. देणगीदाराचे नाव संगमरवरावर जाते. या माणसांचे नाव निदान कागदावर यावे. दुसरे पान अपुऱ्या कामाचे असावे: गेल्या वर्षी काय ठरविले होते, त्यांपैकी काय झाले नाही, आणि का झाले नाही. या पानाची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या पेढीच्या खतावणीत येणे बाकी मुळीच दिसत नाही, त्या पेढीविषयी जाणता मनुष्य शंकाच घेतो. तिसरे पान ऐकलेल्या शब्दांचे असावे: ज्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती दिली, ज्या रुग्णास औषध दिले, ज्या गावास टाकी बांधून दिली, त्यांचे म्हणणे काय आहे. ते गोड असेलच असे नाही. पण ते विचारले गेले पाहिजे. नाहीतर एखादी लहान मुलगी मनात धास्ती घेऊन स्वागतगीत गाते आणि आपल्याला ते वर्षानुवर्षे कळत नाही.

हे मोठ्या संस्थांसच लागू आहे असे नव्हे. गुंजीसारख्या गावी यात्रेची समिती असते, शाळेची समिती असते, वाचनालय किंवा भजनी मंडळ असते. तेथे खजिनदाराची वही म्हणजे बहुधा एक शंभर पानी वही आणि पावतीपुस्तके. परंतु आम्ही पाहिले आहे, की ज्या गावात यात्रेचा हिशेब दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचला जातो, त्या गावात पुढील वर्षी वर्गणी मागावयास फार हिंडावे लागत नाही. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने 'नारळाचे एवढे कसे लागले?' असे विचारावे, आणि समितीतील तरुणाने न रागावता पावती दाखवावी. सार्वजनिक जीवनाचे शिक्षण याहून वेगळे ते काय? शहरातील संघांची छापील अहवालपुस्तिका याच ओट्याची मोठी आवृत्ती आहे, याचा विसर पडू नये.

कोणी म्हणेल, की कामास माणसे मिळत नाहीत आणि तुम्ही हिशेबाचे ओझे वाढविता. आमचे उत्तर असे, की माणसे मिळत नाहीत याचे एक कारण हेच आहे. तरुण मनुष्य कामास घाबरत नाही. आपले काम कोणाच्या लक्षात राहणार नाही, चूक झाली तर बोल मात्र लागेल आणि सारे श्रेय ठराविक चार नावांस जाईल, याला तो घाबरतो. ज्या संस्थेत वर्षाच्या शेवटी प्रत्येकाचे काम मांडले जाते, उणिवा माणसावर न ढकलता कामाच्या म्हणून सांगितल्या जातात, तेथे दुसऱ्या वर्षी तो आणखी एका मित्रास घेऊन येतो. बेळगावच्या स्वागत समितीपासून हुदलीच्या संमेलनापर्यंत हेच दिसते: परीक्षण स्पष्ट होते, म्हणून स्नेह टिकला.

आमच्या व्यापारी समाजाने देशास पैसा दिला हे सर्व मान्य करतात. त्याच्यापाशी याहूनही मोलाची एक वस्तू आहे, ती म्हणजे हिशेबाची सवय: दररोज रोजमेळ लिहावा, दर दिवाळीस मेळ बसवावा, देणे असेल ते सांगावे, येणे असेल ते मागावे, बुडाले असेल ते बुडाले म्हणून लिहावे. ही सवय पेढीच्या उंबऱ्याशी न थांबता संघाच्या सभागृहात आली, तर सार्वजनिक कार्यास तिच्याइतके मोठे दान दुसरे नसेल. यंदाच्या सर्वसाधारण सभेत अहवाल वाचला जाईल, तेव्हा सभासद बंधुभगिनींनी 'मंजूर' म्हणण्यापूर्वी निदान एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि पदाधिकाऱ्यांनी त्या प्रश्नाबद्दल विचारणाऱ्याचे आभार मानावेत, एवढीच आमची विनंती.